कॅस्ट्रो ते वाकोला: एकेकट्यांची वस्ती

लेखमाला : माणसांच्या वस्त्या (भाग ७)

मागच्या भागात आपण गिरणगाव पाहिलं. कोकणातून आलेला पोरगा परळ-लालबागला उतरायचा तो थेट गावकीच्या खोलीत. शेजारी गावचेच, खानावळवाली ओळखीचीच, गणपतीला परत जायची गाडीही सगळ्यांची मिळून. बहुतेक वस्त्या अशाच वसतात. माणूस आपल्या माणसांत जन्मतो आणि त्यांचाच हात धरून शहरात शिरतो.

समलिंगी आणि पारलिंगी माणसांच्या वाट्याला हे येत नाही. ती एकेकटी जन्मतात. एक तुमसरच्या एखाद्या घरात, दुसरं साकोलीच्या, तिसरं पवनीच्या. आईवडील, भावंडं, शेजारी, वर्गमित्र यांच्यात आपल्यासारखं कुणीच नाही, असं समजत वाढतात. इतर कुणाला बाहेर त्रास झाला तर तो घरी येऊन सांगतो. यांना घरातच गप्प राहावं लागतं. म्हणून यांची वस्ती आपोआप वसत नाही. आधी कुणीतरी धीर करून उघडपणे सांगावं लागतं की मी इथे आहे, या. त्यानंतरच बाकीचे येतात. आजचा भाग अशा जागांचा आणि त्या उघडणाऱ्यांचा आहे.

कॅस्ट्रो रस्ता

जगातली अशी सर्वांत गाजलेली वस्ती म्हणजे अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराचा कॅस्ट्रो हा भाग. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात समलिंगी असल्याच्या कारणावरून सैन्यातून काढलेले अनेक तरुण या बंदरात उतरले. हातातल्या कागदावर ठपका, घरी कोणत्या तोंडाने जायचं? बरेच जण तिथेच राहिले. कॅस्ट्रो तेव्हा आयरिश कामगार कुटुंबांचा होता. १९६० च्या दशकात ती कुटुंबं उपनगरांकडे निघाली, जुनी लाकडी घरं स्वस्त झाली आणि समलिंगी तरुणांनी ती घेऊन दुरुस्त केली.

१९७३ मध्ये उघडपणे समलिंगी असलेल्या हार्वे मिल्क यांनी तिथे कॅमेऱ्यांचं दुकान काढलं. काही दिवसांत ते दुकान गावच्या चावडीसारखं झालं. खोली शोधणारा, नोकरी गेलेला, पोलिसांचा मार खाल्लेला, सगळे तिथे येत. १९७७ च्या निवडणुकीत मिल्क शहराच्या कारभारी मंडळावर निवडून आले आणि सुमारे वर्षभराने, २७ नोव्हेंबर १९७८ रोजी, महापौरांसह त्यांची गोळ्या घालून हत्या झाली. आज जगभर दिसणारा इंद्रधनुष्यी झेंडा त्याच वर्षी, त्याच शहरात, गिल्बर्ट बेकर आणि त्यांच्या सोबत्यांनी पहिल्यांदा शिवला आणि रंगवला.

वस्तीचा खरा उपयोग दिसला तो १९८१ नंतर, एड्सच्या साथीत. अनेक कुटुंबांनी पाठ फिरवली, तेव्हा शेजाऱ्यांनी डबे पोचवले, रात्री उशाशी बसले, अंत्यविधी केले. मृतांच्या नावांची गोधडी शिवण्याचं काम १९८७ मध्ये याच भागात सुरू झालं. एकमेकांना आधीपासून ओळखणारी माणसं जवळ राहत होती, म्हणूनच हे शक्य झालं.

मुंबईत असं का झालं नाही?

मुंबईत समलिंगी माणसं कमी नव्हती. पण मुंबईत घर मिळतं ते कुटुंबाला. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यामुळे जुन्या घरांची भाडी गोठली, त्यामुळे राहणारा जागा सोडेना आणि नव्याला पागडी परवडेना. एकट्या पुरुषाला सोसायटी दारात उभं करत नाही, एकट्या बाईला तर त्याहून नाही. लग्न होईपर्यंत आईवडिलांच्या घरात राहायचं आणि लग्न झाल्यावरही तिथेच, अशीच बहुतेकांची गत. त्यात भारतीय दंड संहितेचं कलम ३७७. १८६० च्या या कलमाखाली जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती. खटले थोडेच उभे राहत. पण ‘घरी सांगू का?’ एवढ्या धमकीवर पैसे उकळायला ते कलम पुरेसं होतं.

म्हणून मुंबईत हा समाज घरांऐवजी वेळांमध्ये राहिला. लोकलचा एखादा ठरावीक डबा, चौपाटीचा एखादा कोपरा, कुलाब्याच्या व्हूडू पबमधली शनिवारची रात्र. चार तासांची वस्ती भरायची, मग प्रत्येक जण आपल्या घरी, आपल्या दुसऱ्या आयुष्यात परत.

बायकांना हे चार तासही मिळत नव्हते. रात्री स्टेशनवर रेंगाळणं किंवा पबमध्ये जाणं पुरुषालाच जमायचं. १९८७ मध्ये शेजारच्या मध्य प्रदेशात पोलीस दलातल्या दोन महिला शिपायांनी एकमेकींशी लग्न केलं आणि त्यांच्या नोकऱ्या गेल्या. देशभर बातमी झाली. ती वाचून आपण एकट्या नाही हे कितीतरी जणींना कळलं असेल आणि आपलं काय होईल हेही. १९९५ मध्ये मुंबईत ‘स्त्री संगम’ हा गट उभा राहिला, पुढे तो ‘लाबिया’ झाला. बायकांना सुरक्षितपणे भेटता येईल अशी जागा त्यांना स्वतःच घडवावी लागली.

वाकोल्याची इमारत

पत्रकार अशोक राव कवी यांनी १९८६ मध्ये एका नियतकालिकातल्या मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचं नावानिशी सांगितलं. १९९० मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढलं. लहान गावातल्या माणसाला ज्या शहरात राहायला जाता येत नव्हतं, त्या शहराशी पत्राने तरी बोलता येऊ लागलं.

१९९४ मध्ये याच समाजासाठी ‘हमसफर ट्रस्ट’ स्थापन झाला. मुंबई महापालिकेने सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यातल्या आपल्या जुन्या इमारतीत त्याला जागा दिली. कलम ३७७ तेव्हा पूर्ण जोरात होतं. एका सरकारी कायद्याने ज्यांना गुन्हेगार ठरवलं होतं, त्यांनाच दुसऱ्या सरकारी यंत्रणेने जागा दिली होती. यामागे एड्सची भीती होती, हे खरं. लपलेल्या माणसांपर्यंत दवाखाना पोचत नाही, हे आरोग्य खात्याला कळून चुकलं होतं. पण रोगाच्या निमित्ताने उघडलेल्या त्या दारातून माणसं रक्ततपासणीपलीकडचंही बरंच काही मागायला आली. समुपदेशन, वकिलाचा सल्ला, मित्र आणि आठवड्यातून एकदा स्वतःच्या खऱ्या नावाने बसायला एक खुर्ची.

१६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत या समाजाचा मोर्चा निघाला. अनेकांनी मुखवटे घातले होते, कारण टीव्हीवर दिसलो तर घर जाईल ही धास्ती. त्यानंतर कलम ३७७ सैल करणारा २००९ चा दिल्ली उच्च न्यायालयाचा दिलासा, तो निकाल फिरवणारा २०१३ चा सर्वोच्च न्यायालयाचा धक्का आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी संमतीच्या संबंधांपुरतं ते कलम रद्द.

डेरा

या सगळ्याच्या कितीतरी आधीपासून महाराष्ट्रात एक वस्ती होती, ती म्हणजे हिजड्यांचा डेरा. घरून हाकललेल्या पोराला गुरू चेला करून घेते, नाव देते, जेवू घालते. चेल्याने बधाई-मंगतीची कमाई गुरूच्या हाती द्यायची, म्हातारपणी तिला सांभाळायचं. घराणी, नायक, पंचायत, दंड अशी पक्की व्यवस्था. त्यात जाच आहे, कर्ज आहे, सुटायची वाट अवघड आहे. तरीही जिथे दुसरं कुणीच दार उघडत नव्हतं, तिथे डेऱ्याने उघडलं. इंग्रजांनी १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात या माणसांची नोंदवही ठेवायची तरतूद केली, बायकी कपडे घालून रस्त्यावर दिसणं आणि नाचणं यालाही शिक्षा ठरवली. तो कायदा आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, पण पोलिसांची नजर सगळीकडे तशीच राहिली.

मालवणीत गौरी सावंत यांची ‘सखी चार चौघी’ संस्था आणि ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांनी सर्वोच्च न्यायालयात मांडलेली पारलिंगींची बाजू या दोन्ही गोष्टी याच परंपरेतून आल्या. त्या खटल्याच्या १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने आपलं लिंग आपण सांगायचा हक्क मान्य झाला. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ‘इतर’ या रकान्यात ४०,८९१ माणसांची नोंद झाली होती. खरी संख्या जास्त असणार, कारण रकाना भरताना उत्तर बहुतेक वेळा घरचा कर्ता देतो.

पुणे, नागपूर, मग भंडारा

पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ मध्ये ‘समपथिक ट्रस्ट’ काढला आणि या विषयावर मराठीत लिहिलं. ते महत्त्वाचं, कारण तोवर हा विषय इंग्रजी येणाऱ्यांचाच मानला जात होता. नागपुरात ‘सारथी ट्रस्ट’ने काम उभं केलं. २०१६ मध्ये तिथे अभिमान मोर्चा निघाला आणि २०१८ मध्ये विद्या कांबळे नागपूरच्या लोकअदालतीच्या पॅनलवर बसल्या. तृतीयपंथी व्यक्तीकडे न्याय मागायला लोक आले, ही विदर्भाने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे.

आपल्या भंडारा जिल्ह्याला यातलं काय लागू होतं? झाडीपट्टीत दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो. लुगडं नेसलेला पुरुष रात्रभर नाचतो, मंडईची जत्रा जागी राहते. तो नट घरी कसा आहे याचा त्या भूमिकेशी संबंध नसतो. पण एवढं खरं की बाईचा वेश घेतलेल्या पुरुषाकडे कौतुकाने पाहणं या मातीला जमतं. मंचावर जमतं ते घरात जमायला हवं. कारण तुमसर रोड किंवा भंडारा रोड स्टेशनवरून गाडीत बसणारा प्रत्येक पोरगा फक्त नोकरीसाठी जात नाही. काही जण आपलं खरं आयुष्य जगता यावं म्हणून जातात, मग परत येत नाहीत, आणि म्हातारे आईवडील वाट पाहत राहतात. जे जाऊ शकत नाहीत, त्यांचं लग्न लावून दिलं जातं आणि एकाच्या लपण्याची किंमत दुसऱ्या घरची निरपराध मुलगी भरते.

भंडाऱ्याला कॅस्ट्रो नको आहे, दोन-चार दारं हवी आहेत. पारलिंगी व्यक्तींच्या २०१९ च्या कायद्याने ओळखपत्राचा अर्ज थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे आणला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राच्या अन्न विभागाने राज्यांना कळवलं की समलिंगी जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकाच घरातले धरावं. म्हणजे तहसीलचा पुरवठा विभागही यातलंच एक दार आहे. रात्री मन फार घाबरं झालं तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. आणि शाळेतला एखादा शिक्षक, प्राथमिक आरोग्य केंद्रातली एखादी परिचारिका, एखादी मावशी एवढं म्हणाली की ‘तू जसा आहेस तसा ये, मी कुणाला सांगणार नाही’, तर एकेकटं वाढणाऱ्या पोराला नागपूरची गाडी पकडायच्या आधीच आपलं माणूस भेटेल. सॅन फ्रान्सिस्कोत कॅमेऱ्यांच्या दुकानाने आणि वाकोल्यात पालिकेच्या इमारतीने जे केलं, ते आपल्या जिल्ह्यात करायला जागा आणि माणसं दोन्ही आहेत. सुरुवात आपण करायची आहे.

(पुढच्या भागात : गोसीखुर्दच्या पाण्याखाली गेलेली गावं आणि त्यांच्या पुनर्वसित वस्त्या)