फुटबॉलच्या संघाची मांडणी : माणसे बघून जागा द्या

— ऊस विकास अधिकारी

या पत्रिकेत दर खेपेला मी बेणे, खत, पाणी आणि खोडवा यांवर लिहितो. या खेपेचा विषय जरा वेगळा आहे. गाळप आटोपले, शिवारात थोडी उसंत मिळाली की आपल्या कार्यक्षेत्रातले पोट्टे मोकळ्या जागेवर फुटबॉल खेळताना दिसतात. लागणीच्या नोंदीला गेलो की हीच मुले बांधावर गाठून विचारतात, "साहेब, ४-३-३ चांगलं की ४-४-२?" मोठ्या संघांचे सामने मोबाईलवर पाहून हे आकडे त्यांना तोंडपाठ झाले आहेत. पण त्या आकड्यांचा अर्थ काय आणि आपल्या गावच्या संघाला कोणता आकडा मानवेल, हे सांगणारे कोणी नसते. संघ हरला की मंडळी एखाद्या पोराच्या माथी दोष मारतात आणि तो पोरगा मैदानावर यायचा बंद होतो. म्हणून हा लेखनप्रपंच.

आकडे कसे वाचावेत

फुटबॉलमध्ये एका संघात ११ खेळाडू. त्यातला गोलकीपर मोजायचा नाही. उरलेले दहा जण आपल्या गोलकडून समोरच्या गोलकडे मोजायचे. ४-४-२ म्हणजे चार जण बचावाला, चार मधल्या फळीत आणि दोन पुढे. ४-३-३ म्हणजे चार मागे, तीन मध्ये, तीन पुढे. बेरीज नेहमी दहाच यायला पाहिजे.

सगळी गोम या बेरजेत आहे. पाटाचे पाणी ठरलेले असते. एका सरीला जास्त सोडले तर दुसरी कोरडी राहते. तसेच पुढे एक माणूस वाढवला की मागे किंवा मध्ये एक कमी होतो. फुकटात कोणतीच मांडणी मिळत नाही. म्हणून "सर्वांत चांगली मांडणी कोणती?" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. को ८६०३२ ही जात चांगली म्हणून ती चोपण जमिनीत लावत नाहीत. तेथे फुले २६५ चा विचार करावा लागतो. जमीन बघून जात निवडायची, तशी माणसे बघून मांडणी निवडायची.

मांडणी बदलत का गेली

जुन्या काळी सगळे संघ २-३-५ असे खेळत. मागे दोघेच आणि पुढे पाच. त्या वेळी ऑफसाइडचा नियम कडक होता. पुढच्या खेळाडूला पास मिळताना त्याच्या आणि गोलच्या मध्ये समोरच्या संघाचे तीन जण असावे लागत. १९२५ साली तीनचे दोन केले. पुढच्यांना मोकळे रान मिळाले. इंग्लंडच्या पहिल्या विभागात १९२४-२५ च्या हंगामात १,१९२ गोल झाले होते, ते १९२५-२६ मध्ये १,७०३ वर गेले. मग आर्सेनल संघाचे हर्बर्ट चॅपमन यांनी मधला एक गडी मागे ओढला, बचावात तीन जण उभे केले आणि पुढच्या पाचातले दोघे थोडे खाली घेतले. नियम बदलला म्हणून मांडणी बदलली.

१९५३ मध्ये हंगेरीने इंग्लंडला त्यांच्याच वेम्बली मैदानावर ६-३ असे हरवले. हंगेरीचा हिडेगकुटी हा नावाला मधला आघाडीवीर, पण उभा राहायचा खाली, मधल्या फळीत. इंग्लंडच्या बचावपटूला कळेना की त्याच्या मागे जावे की आपली जागा धरून राहावे. मागे गेला तर गोलसमोर खिंडार, न गेला तर हिडेगकुटी मोकळा. त्या सामन्यात हिडेगकुटीने तीन गोल केले.

१९५८ मध्ये ब्राझीलने ४-२-४ ने विश्वचषक जिंकला. मधल्या फळीत दोघेच, तरी भागले कसे? कारण डावीकडचा झगालो पुढे जाई तसा मागेही येई. १९६६ मध्ये इंग्लंडने कडेचे आघाडीवीर वगळून मधली फळी भरली आणि तेही जिंकले. दोन संघ, दोन वेगळ्या मांडण्या, आणि दोघेही जगज्जेते. याचा अर्थ वाचकांनी ध्यानात घ्यावा.

आपल्या देशाचे उदाहरण

हे सगळे साहेबांच्या देशातले झाले, असे कोणी म्हणेल. तर आपलेच बघा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताला १०-१ असे हरवले होते. आपले काही खेळाडू तेव्हा अनवाणी खेळले. चारच वर्षांनी, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ ने हरवून उपांत्य फेरी गाठली आणि शेवटी चौथा क्रमांक मिळवला. त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा मूळ गोव्याचा आणि मुंबईत खेळणारा. संघाचे शिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. पेशाने ते शाळामास्तर होते. जगात काय नवे चालले आहे ते पाहायचे आणि आपल्या खेळाडूंना झेपेल तेवढेच घ्यायचे, अशी त्यांची रीत होती.

१९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेची गोष्ट तर प्रत्येक गावच्या कप्तानाने ऐकावी. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारताला २-० ने हरवले. पुढे थायलंडविरुद्ध आपला बचावाचा खांब जर्नेलसिंग याचे डोके फुटले, टाके पडले. डोक्याने चेंडू अडवणे हे बचावपटूचे रोजचे काम. मग त्याला घरी बसवायचे का? रहीम यांनी त्याला चक्क आघाडीला उभे केले. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल केला. अंतिम सामन्यात त्याच दक्षिण कोरियाला भारताने २-१ ने हरवले. एक गोल पी. के. बॅनर्जी यांचा, दुसरा जर्नेलसिंगचा. सुवर्णपदक आपले. ठरलेला आकडा धरून बसले असते तर हे घडले नसते. हाताशी कोण आहे, आज कोणाला काय जमेल, हे आधी पाहिले आणि मग जागा ठरवली.

महाराष्ट्रात फुटबॉलचे वेड पाहायचे तर उसाच्याच मुलखात, कोल्हापूरला जावे. तेथे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम अशा तालमींचेच फुटबॉल संघ आहेत आणि शाहू स्टेडियमवर त्यांच्या सामन्यांना तुफान गर्दी होते. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात देशाकडून खेळला. तेव्हा हा खेळ आपल्या मातीतला नाही, असे कोणी म्हणू नये.

चार मांडण्या, चार स्वभाव

४-४-२ : शिकायला सोपी. प्रत्येक कडेला दोघांची जोडी, एक चुकला तर दुसरा सावरतो. नवीन संघाने येथूनच सुरुवात करावी. २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटी या साध्या समजल्या जाणाऱ्या संघाने हीच मांडणी घेऊन इंग्लंडची प्रीमियर लीग जिंकली. दोष एवढाच की अगदी मध्यभागी दोघेच उरतात. समोर तिघे असले तर चेंडू त्यांच्याकडेच राहतो.

४-३-३ : दिसायला देखणी. पण मधल्या तिघांचा दमसास घोड्याचा लागतो आणि कडेच्या दोघांना धावून मागे यायची सवय लागते. ती नसली तर चेंडू गेल्यावर पुढचे तिघे कमरेवर हात ठेवून बघत राहतात आणि मागचे सात जण खेळतात.

३-५-२ : मध्यभाग भरभक्कम. मात्र कडेच्या दोघांना या गोलपासून त्या गोलपर्यंत सगळी कड एकट्याने सांभाळावी लागते. असे दोन गडी गावात असतील तरच या वाटेला जावे.

५-३-२ : समोरचा संघ फारच वरचढ असेल तेव्हाची. बचाव घट्ट होतो, पण चेंडू मिळाल्यावर पुढे नेणारा वेगवान गडी पाहिजे. नाहीतर नुसता मार खात बसायचे.

सात-सात जणांचे सामने असतील तर गोलकीपर सोडून सहा उरतात. तेथे २-३-१ ठेवावी. समोरचा संघ जोराचा असेल तर ३-२-१.

निवड करताना काय पाहावे

पहिली गोष्ट, माणसे. कागद घेऊन प्रत्येकाच्या नावापुढे लिहा : कोण वेगवान, कोणाचा दम टिकतो, कोण डावखुरा, कोण डोक्याने चांगला मारतो, कोण घाबरत नाही. डावखुरा असेल तर डावी कड त्याचीच. आधी गोलकीपर आणि मधले दोन बचावपटू पक्के करा, मग मधली फळी, शेवटी आघाडी. आपल्याकडे हे उलटे होते. आधी पुढचे तिघे ठरतात आणि उरलेले मागे ढकलले जातात.

दुसरी गोष्ट, ऊन आणि दम. नियमाने सामना ९० मिनिटांचा. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर जातो. सतत धावून चेंडू हिसकावण्याचा खेळ या उन्हात केला तर मध्यंतरानंतर पाय गळतात, पोरे चक्कर येऊन पडतात. सामने सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर ठेवावेत. संघाने दोन फळ्यांतले अंतर कमी ठेवावे, म्हणजे धाव कमी पडते. जिंकण्यापायी पोरांचा जीव धोक्यात घालू नये.

तिसरी गोष्ट, मैदान. नियमात मैदानाची रुंदी ४५ ते ९० मीटर बसते. शाळेचे अरुंद पटांगण असेल तर कडेने धावणाऱ्यांना जागाच मिळत नाही. तेथे ४-३-३ चा उपयोग कमी, मध्यभाग भरलेला बरा. रुंद, मोकळ्या मैदानावर कडा उघड्या पडतात, म्हणून प्रत्येक कडेला दोघे ठेवावेत.

चौथी गोष्ट, पंच. २०२२ च्या विश्वचषकात सौदी अरेबियाने बचावफळी खूप पुढे आणून अर्जेंटिनाचे पहिल्या अर्ध्यातले तीन गोल ऑफसाइड ठरवायला लावले आणि सामना २-१ ने जिंकला. ते पाहून आपले पोट्टेही बचाव पुढे नेतात. पण तेथे लाइनमन होते, कॅमेरे होते. आपल्याकडे बहुधा एकच पंच, तोही मैदानाच्या मध्ये. त्याला रेष दिसत नाही. जेथे लाइनमन नाही तेथे ऑफसाइडच्या भरवशावर राहू नका, बचाव खालीच ठेवा.

पाचवी गोष्ट, समोरचा संघ. त्याच अर्जेंटिनाने पुढे नेदरलँड्सविरुद्ध मागे पाच जण ठेवले आणि अखेर विश्वचषकही नेला. मात्र बदल करायचा तो आधी सरावात घोटलेला असावा. खोडव्यात मध्येच सरी बदलता येत नाही, तसे ऐन सामन्यात कोणी बाहेरून ओरडले म्हणून मांडणी बदलू नये. एक मुख्य मांडणी आणि एक जोडमांडणी, एवढ्या दोनच ठेवाव्यात. त्या पक्क्या करायला निदान महिनाभर सराव हवा.

जागा देताना घर बघू नये

आता थोडे कडू, पण सांगणे भाग आहे. मंडळाला वर्गणी देणाऱ्याचा मुलगा आघाडीला, आणि तांड्यावरचा किंवा ऊसतोड टोळीतला मुलगा गोलमध्ये नाहीतर राखीव, असे जेथे होते तेथे कोणतीच मांडणी चालत नाही. पहाटेपासून आईबापाबरोबर मोळ्या वाहणाऱ्या पोराचा दम आपल्या घरात बसून मोबाईल बघणाऱ्या पोरापेक्षा जास्त असतो, हे तोडणी पाहणाऱ्याला सांगायला नको. मधल्या फळीला असाच गडी लागतो. नागपुरात विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली मुले घेऊन फुटबॉलचे काम उभे केले. त्यावरून 'झुंड' हा सिनेमाही २०२२ साली आला. त्या मुलांकडे बूट नव्हते, पण खेळ होता. कोणाला कोठे उभे करायचे हे त्याचा खेळ पाहून ठरले पाहिजे. त्याचा बाप किती टन ऊस घालतो, हे पाहून नव्हे.

आणि हरल्यावर शेवटच्या बचावपटूवर खापर फोडू नये. गोल झाला तेव्हा तो जवळ दिसतो, पण चेंडू बहुतेक वेळा मधल्या फळीतून सुटलेला असतो. खोडकिडीने पोंगा मेला म्हणून कोणी पोंग्याला दोष देत नाही, कीड कोठून शिरली ते बघतो. सामना संपल्यावर दहा मिनिटे बसून चेंडू कोठे सुटला एवढेच बघावे आणि पुढच्या सरावात तेवढी जागा बुजवावी.

तरी ज्या गावांत मुलांचे संघ आहेत तेथील सभासदांनी हा लेख मुलांना वाचून दाखवावा. संघाची यादी ठरेल त्या दिवशी मंडळातल्या एखाद्या जाणत्या माणसाने समक्ष हजर राहून, प्रत्येकाला त्याच्या खेळाप्रमाणे जागा मिळते की नाही, ते पाहावे, ही विनंती. पुढील अंकात खोडवा व्यवस्थापन आणि पाचट कुजविणे यांविषयी लिहीन.