पहिली मोटारसायकल : शेतकऱ्याच्या घरीं ती कशी निवडावी ?

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन शहरांच्या भोंवतालच्या गांवांत मोटारसायकल नाहीं असें घर हल्लीं क्वचितच आढळेल. जेथें पूर्वीं बैलगाडीचें जूं टेकलेलें असे, तेथें आतां ही दुचाकी उभी असते. या बदलाबद्दल खेद मानण्याचें कारण नाहीं. आपल्या भागांत भात निघाल्यावर भेंडी, काकडी, दुधी यांचे मळे होतात. उन्हाळ्याच्या अखेरीस बदलापूरचीं जांभळें निघतात. दूध तर बारमाहीच आहे. हा माल नाशवंत. लोकल गाडी बदलापूर स्टेशनापर्यंत आणते खरी, परंतु स्टेशन व मळा यांमधील चार-सहा कोसांचें काम ती करीत नाहीं. उल्हासनगरच्या कँपांत पहाटे दुधाच्या किटल्या पोंचवावयाच्या, तेथून परत येऊन मुलीस कॉलेजांत सोडावयाचें, दुपारीं खताचें पोतें आणावयाचें, हीं सर्व कामें ही एक गाडी करते. अशी उपयोगाची वस्तु घरांत यावी हें इष्टच आहे.

प्रश्न आहे तो पहिली गाडी निवडण्याच्या रीतीचा. मुलास अठरावें वर्ष लागतें न लागतें तोंच घरांत गाडीची गोष्ट निघते. मुलगा विचारतो, "इंजिन कितीचें ?" बाप विचारतो, "हप्ता कितीचा ?" आणि या दोन प्रश्नांपलीकडे चौकशी फारशी जात नाहीं. त्यांतून कोणाची जमीन मुंबई-वडोदरा महामार्गांत गेलेली, कोणीं वरकस इमारतींसाठीं विकलेला. मोबदल्याची रक्कम बँकेंत जमा झाली कीं तीतून पहिली खरेदी बहुधा मोठ्या इंजिनाच्या गाडीची होते. बैल घ्यावयाचा असतां आपण त्याचे दांत पाहतों, खूर पाहतों, जुंपून चार तास नांगर धरून पाहतों, गांवांतील दोन जाणत्यांस विचारतों. बैलाहून महाग व बैलाहून शतपट वेगानें धांवणाऱ्या या वस्तूच्या बाबतींत मात्र रंग व आवाज पाहून सौदा होतो, हें आश्चर्य होय.

हा केवळ पैशाचा प्रश्न असता तर इतकें लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. केंद्र सरकारच्या रस्तेवाहतूक खात्याच्या अहवालाप्रमाणें सन २०२२ मध्यें देशांत रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं ७४,८९७ दुचाकीवरील होतीं. शिरस्त्राण न घातल्यामुळें दगावलेल्यांची संख्या त्याच अहवालांत ५०,०२९ दिलेली आहे. त्यांत १४,३३७ माणसें गाडी न चालवितां नुसतीं मागें बसलेलीं होतीं. म्हणून शेतकऱ्याच्या घरीं पहिल्या गाडीची निवड ही प्रतिष्ठेची बाब नसून कर्त्या मुलाच्या जीविताची बाब आहे, हें आधीं ध्यानांत घ्यावें.

शेतींत नियम असा आहे कीं, नव्या गड्याच्या हातीं शिकलेला बैल द्यावा आणि नवा खोंड शिकलेल्या गड्याच्या हातीं द्यावा. दोन्हीं नवीं एकत्र जुंपलीं कीं तास वांकडें जातें, कधीं पाय मोडतो. मोटारसायकलीस हाच नियम लागू आहे. शिकाऊ मनुष्यास क्लच सोडणें, गिअर बदलणें, दोन्ही ब्रेक सारखे दाबणें व समोरच्या वाहनाचा अंदाज घेणें हीं चार कामें एकाच क्षणीं करावीं लागतात. हीं कामें हाताच्या अंगवळणीं पडेपर्यंत गाडी अशी पाहिजे कीं, जी चूक झाल्यास माफ करील. हलकी, ठेंगणी व बेताच्या शक्तीची गाडी माफ करते. जड व जोरकस गाडी माफ करीत नाहीं.

वजनाचा प्रत्यक्ष हिशेब पहा. हीरो कंपनीची स्प्लेंडर प्लस ही ९७ घनसेंटिमीटरांची गाडी सुमारें ११२ किलो भरते. होंडाची शाईन १०० सुमारें ९९ किलो. दोहोंच्याही बैठकीची उंची ७८५ मिलिमीटरांच्या आसपास आहे. उलटपक्षीं रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० ही सुमारें १९५ किलोंची असून बैठक ८०५ मिलिमीटर उंच आहे. ही शेवटची गाडी वाईट आहे असें येथें म्हणावयाचें नाहीं. मुरलेल्या हातास ती उत्तम आहे. परंतु तीवर वीस-वीस लिटरांच्या दोन किटल्या अडकविल्या, बांधावरच्या चिखलांत चाक रुतलें आणि गाडी एका बाजूस कलली, तर पन्नास-पंचावन्न किलोंच्या पोरानें ती सांवरावयाची कशी ? जमिनीवर पाय पुरत नाहीं तोंवर गाडी आपली नव्हे, असें समजावें.

ही परीक्षा दुकानांतच करतां येते व तीस पैसा लागत नाहीं. मुलानें गाडीवर बसून दोन्ही पाय टेकावे. निदान दोन्ही तळव्यांचा पुढील अर्धा भाग जमिनीस नीट लागला पाहिजे. नंतर इंजिन बंद ठेवून गाडी दहा पावलें पुढें व दहा पावलें मागें ढकलावी. मग ती मधल्या स्टँडवर एकट्यानें चढवून दाखवावी. शेवटीं मोकळ्या जागेंत पायीं चालण्याच्या गतीनें एक लहान वर्तुळ पाय न टेकतां फिरवावें. या चार गोष्टी न जमल्यास, दुकानदार कितीही आग्रह करो, गाडी बदलावी. मुलीसाठीं गाडी घेतांनाही हीच कसोटी लावावी. बिनगिअरची स्कूटर तिला बहुधा सोयीची पडते, मात्र ओढणी व पदर मागील चाकांत जाऊं नये म्हणून जाळी बसलेली आहे कीं नाहीं तें पहावें.

आतां वेगाचा विचार. ताशीं ४० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत ११ मीटर जाते. समोर म्हैस आडवी आली हें डोळ्यांस दिसून हात ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो. नंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर ब्रेक लागून गाडी थांबण्यास आणखी १०-११ मीटर लागतात. एकूण सुमारें २२ मीटर. ताशीं ६० वेग असल्यास हेंच अंतर सुमारें ४० मीटर होतें. वेग दीडपट, थांबण्याचें अंतर जवळजवळ दुप्पट. पावसाळ्यांत तें याहूनही वाढतें. कल्याण-बदलापूर रस्त्यावर कारखान्यांचे ट्रक, रिक्षा व पायीं जाणारे मजूर यांची जी दाटी असते, तींत चाळीस मीटर मोकळा रस्ता कोठें मिळतो, हें ज्याचें त्यानेंच पहावें. एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरांवरील नव्या गाड्यांस चाक जागच्या जागीं न अडकूं देणारी ब्रेकची रचना व त्याखालील गाड्यांस दोन्ही चाकांचे ब्रेक एकत्र लावणारी रचना सक्तीची झाली आहे. या रचनांचा उपयोग मोठा आहे. पण त्या अंतर कमी करण्याची जादू नव्हेत.

जुन्या पिढीचा अनुभवही हलक्या गाडीच्याच बाजूचा आहे. सन १९७२ मध्यें पुण्याच्या कायनेटिक कंपनीनें लूना काढली आणि सायकलीवरून फटफटीवर येण्याची पहिली पायरी हजारों घरांस मिळाली. सन १९८५ मध्यें हीरो होंडाची सीडी १०० निघाली. तीस पेट्रोलांत ऑईल मिसळण्याची खटपट नव्हती व तेल थोडें लागे. तिच्याच वंशांतील स्प्लेंडर १९९४ सालीं आली व ती आजतागायत दूधवाल्यांच्या पसंतीची आहे. ओझें वाहून पोट भरणाऱ्यांनीं लहान इंजिनच पसंत केलें, यांत अर्थ आहे.

खर्चाचें गणित कागदावर मांडल्याशिवाय सही करूं नये. दिवसास ४० किलोमीटर व वर्षांतून ३०० दिवस धरल्यास १२,००० किलोमीटर होतात. लिटरास ६० किलोमीटर जाणाऱ्या गाडीस २०० लिटर पेट्रोल लागेल; ३५ किलोमीटर जाणाऱ्या जड गाडीस सुमारें ३४३ लिटर. लिटरास शंभर रुपये धरले तरी वर्षास १४,३०० रुपयांचा फरक पडला. तीन वर्षांत तो त्रेचाळीस हजारांच्या घरांत जातो. टायर, चेन, दुरुस्ती व विमा यांतही मोठी गाडी महागच पडते. व्याजाचीही फोड करून घ्यावी. एक लाख रुपये कर्जावर "सरसकट दहा टक्के" व्याजानें तीन वर्षांची मुदत सांगितली, तर व्याज ३०,००० व हप्ता ३,६११ रुपये होतो. पण दरमहा मुद्दल फिटत असतांही व्याज पूर्ण लाखावरच धरलेलें असतें. म्हणून खरा दर शेंकडा सुमारें १८ पडतो. सबब "घटत्या मुद्दलावर दर किती ?" हा प्रश्न स्पष्ट शब्दांत विचारावा. हप्ता दुधाच्या पगारांतून भागावा. भाताच्या आशेवर हप्ता बांधूं नये.

आमच्या मतें शिकाऊ मनुष्यास पहिलें वर्ष-दीड वर्ष चांगल्या स्थितींतील जुनी लहान गाडी हाच उत्तम मार्ग होय. शिकतांना ती एक-दोनदां पडणारच. नव्या गाडीवर ओरखडा उठला तर जीव हळहळतो, जुनीवर तितका नाहीं. हात बसल्यावर ती विकून मनाजोगती नवी घ्यावी. तींत नुकसान थोडें होतें. मात्र जुनी गाडी सकाळीं इंजिन गार असतांना पहावी. पहिल्या-दुसऱ्या किकेस ती सुरू व्हावी. धुरांत निळी झांक दिसल्यास इंजिन ऑईल जाळीत आहे असें समजावें. हँडल सरळ धरलें असतां पुढचें चाक सरळ असावें; नसल्यास गाडी कोठें तरी आदळलेली आहे.

त्याहून महत्त्वाचे कागद. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसुली दप्तरांत गेलें असल्यानें एवढें खात्रीनें सांगतां येतें कीं, जमीन घेतांना जसा सातबारा, तसें गाडी घेतांना नोंदणीपुस्तक. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत जसा सोसायटीचा बोजा दिसतो, तसा नोंदणींत कर्ज देणाऱ्या बँकेचा बोजा असतो; बँकेचा दाखला व ३५ नंबरचा फॉर्म मिळाल्याशिवाय तो उतरत नाहीं. चेसिसचा व इंजिनाचा नंबर स्वतः डोळ्यांनीं पाहून पुस्तकाशीं ताडावा. दंडाची थकबाकी आहे काय तें पहावें. २९ व ३० नंबरचे फॉर्म भरून नांव बदलण्याचें काम कायद्यानें घेणाऱ्यानें तीस दिवसांत करावयाचें असतें. आपल्या तिन्ही शहरांचें वाहन-नोंदणीचें काम कल्याणच्या कचेरींत चालतें व तेथील गाड्यांवर "एमएच ०५" हीं अक्षरें असतात. एक एप्रिल २०१९ पूर्वींच्या गाडीस नव्या धर्तीची सुरक्षित नंबरपाटी बसविलेली आहे कीं नाहीं, हेंही विचारावें.

परवान्याविषयीं गांवांत फार गैरसमज आहे. गिअरच्या गाडीस अठरा वर्षें पूर्ण पाहिजेत. सोळाव्या वर्षीं मिळणारा परवाना ५० घनसेंटिमीटरांपर्यंतच्या बिनगिअर गाडीपुरताच आहे, आणि बाजारांतील पेट्रोलवर चालणाऱ्या बहुतेक स्कूटर शंभरांवरच्या आहेत. २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणें अज्ञान मुलाच्या हातून गुन्हा घडल्यास पालकास वा गाडीच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते व त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं. "एवढें जवळच तर जावयाचें" हें कारण न्यायालयांत चालत नाहीं. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो, व तो मिळाल्यापासून तीस दिवसांनीं पक्क्या परवान्याची परीक्षा देतां येते. ते तीस दिवस भात कापून मोकळ्या झालेल्या माळावर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं शिकण्यांत घालवावे.

शिरस्त्राण गाडीच्या किंमतींतच धरावें. त्यावर भारतीय मानक ४१५१ चा शिक्का पाहिजे व हनुवटीखालचा पट्टा आवळलेला पाहिजे. हँडलास अडकविलेलें शिरस्त्राण हँडलाचेंच रक्षण करतें. शास्त्रीय पाहण्यांवरून असें ठरलें आहे कीं, त्यायोगें मृत्यूचा धोका शेंकडा सुमारें ४२ व डोक्याच्या इजेचा शेंकडा सुमारें ६९ कमी होतो. मागें बसणारी आई, बायको वा बहीण हिच्यासाठीं दुसरें घ्यावें. कायदा दोघांसही सारखाच आहे.

शेवटीं पावसाळा. उल्हास नदी काय करूं शकते हें २६ जुलै २००५ रोजीं आपण पाहिलें, आणि जुलै २०१९ मध्यें वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकलेली साऱ्या देशानें पाहिली. रस्त्यावरून पाणी वाहत असतां, तळ दिसत नसल्यास, गाडी पाण्यांत घालूं नये. इंजिन पाण्यांत बंद पडल्यास पुनःपुन्हां स्टार्टर मारूं नये. गाडी ढकलून बाहेर काढावी व मेकॅनिकास दाखवावी. पहिल्या सरीनंतर रस्त्यावरील तेल व शेतांतून चाकांनीं आलेला चिखल मिळून साबणासारखा थर होतो. पांढरे पट्टे व लोखंडी झांकणें निसरडीं होतात. नवशिक्यानें पहिला पावसाळा अर्ध्या वेगानें काढावा व ओझें निम्मेंच लादावें.

सारांश, पाय पुरतील इतकी ठेंगणी, एकट्यास उचलेल इतकी हलकी, आपल्या मालाच्या ओझ्यास पुरेल इतकीच शक्तिमान आणि आपल्या मिळकतींतून भागेल इतक्याच किंमतीची, अशी गाडी पहिली घ्यावी. मोठी गाडी घेण्याची हौस असल्यास ती दोन वर्षांनीं पुरवितां येईल. कंपन्या कोठें पळून जात नाहींत. जमिनीचा मोबदला एकदांच मिळतो आणि मुलगाही एकच असतो. बाजारांत जाण्यापूर्वीं बापानें व मुलानें एकत्र बसून या दोन गोष्टींचा विचार केल्यास या लेखाचें काम झालें असें आम्ही समजूं.