फ्रिजमध्ये धूर

जुन्या यंत्रांचं दुसरं आयुष्य : भाग ६

मागच्या भागात वॉशिंग मशीनच्या ड्रमची शेगडी केली. आज त्याहून मोठं काम आहे : जुन्या फ्रिजचं धुरीचं कपाट. कोंबडी, मटण, मासे, हवं तर पनीर आणि मिरच्याही ज्यात मंद धुरावर तासन्‌तास ठेवता येतील असा घरचा मोठा स्मोकर.

फ्रिजमध्ये थंडी तयार करतात कॉम्प्रेसर आणि त्याला जोडलेल्या नळ्या. त्या काढल्या की उरतं ते जाड भिंतींचं उभं कपाट. आतली हवा बाहेरच्या हवेपासून तोडून ठेवणं एवढंच त्याचं काम, आणि आत थंडी आहे की ऊब याच्याशी त्या भिंतींना काही देणंघेणं नसतं. शिवाय घट्ट बसणारं दार आहे, जाळ्या ठेवायला खाचा आहेत, आणि कमी लाकडात बराच वेळ एकसारखं तापमान राहतं. म्हणून जगात अनेक ठिकाणी हौशी लोकांनी असे फ्रिज वापरले.

पण कोणताही फ्रिज चालत नाही, आणि या भागातलं सगळ्यात महत्त्वाचं सांगणं हेच आहे. भारतात बनलेला पहिला फ्रिज गोदरेजने १९५८ साली बाजारात आणला. त्या काळातल्या आणि पुढच्या काही वर्षांतल्या बऱ्याच फ्रिजना आतून एनॅमल चढवलेला लोखंडी पत्रा असे आणि दोन पत्र्यांच्या मध्ये काचेच्या तंतूंचा थर, म्हणजे ग्लासवूल. असा फ्रिज शंभर-सव्वाशे अंश सेल्सियस सहज सोसतो. पुढे आतली भिंत प्लास्टिकची झाली आणि मधे पॉलियुरेथेनचा फोम आला. ते प्लास्टिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं, वाकतं, त्याचा वास अन्नाला लागतो. फोमने पेट घेतला तर कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे दोन्ही विषारी वायू निघतात.

ओळखायची युक्ती सोपी आहे. भंगारवाल्याकडे जाताना खिशात लोहचुंबक ठेवावा. आतल्या भिंतीला तो चिकटला तर पत्रा लोखंडाचा. न चिकटल्यास किल्लीने कोपऱ्यात हलकं खरवडून पाहावं, कारण काही मॉडेलांत आतून ॲल्युमिनियम असतं. प्लास्टिक निघालं तर तो फ्रिज या कामासाठी घेऊ नये. काही जण प्लास्टिक आणि फोम उचकटून आत स्टीलचा पत्रा आणि रॉकवूल बसवतात. इंदूरमध्ये अन्नपूर्णा रोडवर किंवा सुदामा नगरात एखादा चांगला फॅब्रिकेटर हे करूनही देईल. तरी मी ते सुचवणार नाही. कित्येक वर्षं हा फोम फुगवण्यासाठीच सीएफसी-११ हा वायू वापरला जात असे. जुना फोम फोडला की त्यात कोंडलेला वायू हवेत सुटतो आणि ओझोनच्या थराला भिडतो. असा फ्रिज नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे जायला हवा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांत फ्रिज येतो, आणि कचरा वेगळा करून देण्याची सवय तर इंदूरला आहेच.

मनासारखा लोखंडी फ्रिज मिळाला तरी त्याच्या नळ्यांत गॅस असू शकतो. जुन्या फ्रिजमध्ये बहुधा आर-१२ असतो. ओझोनला तो घातक आहेच, शिवाय वातावरण तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १०,००० पट जोरकस आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर जगाने तो हळूहळू बंद केला. त्यामुळे घरी करवतीने नळी कापायची नाही. गॅस काढून सिलिंडरमध्ये भरून घेण्याचं यंत्र ज्याच्याकडे आहे असा मेकॅनिक बोलवावा. त्यालाच कॉम्प्रेसर, त्यातलं तेल आणि मागची जाळी काढू द्यावी. कॉम्प्रेसरवर आर-६००ए लिहिलेलं असेल तर आणखी सावध राहावं, तो गॅस पेट घेतो.

नंतर दाराची कडी. जुन्या फ्रिजना बाहेरून खटका असे आणि तो आतून उघडत नसे. लपाछपीत आत शिरलेली मुलं गुदमरून गेल्याच्या घटना अमेरिकेत इतक्या झाल्या की तिथे १९५६ साली खास कायदा करावा लागला : फ्रिजचं दार आतून ढकलून उघडलं पाहिजे. आपला फ्रिज तर गच्चीवर किंवा अंगणात, मुलांच्या खेळाच्या जागेतच उभा राहणार. म्हणून पहिल्याच दिवशी खटका काढून टाकावा. दार मिटून ठेवायला बाहेरून साधी साखळी, आणि स्मोकर बंद असताना तिला कुलूप.

आता आतलं सामान. दाराचं रबर काढून भट्टीच्या दाराला लावतात तशी काचेच्या तंतूंची दोरी बसवावी. जुन्या जाळ्या कितीही चकचकीत असल्या तरी वापरू नयेत. त्या काळी काही जाळ्यांवर कॅडमियमचा मुलामा असे, आणि धुरातल्या आम्लाने तो विषारी धातू अन्नात उतरतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्राही याच कारणाने टाळावा. जाळ्या, हूक, तेल गळायचं ताट, सगळं स्टेनलेस स्टीलचं घ्यावं. पत्रा कापताना ग्लासवूलचे तंतू उडतात. ते अंगाला खाजतात आणि घशाला झोंबतात, तेव्हा मास्क आणि हातमोजे हवेतच.

विस्तव फ्रिजच्या पोटात ठेवायचा नाही, बाहेर ठेवायचा. एक छोटी बंद लोखंडी भट्टी, तिच्यापासून फ्रिजच्या तळापर्यंत साध्या लोखंडी पाइपचा दीड-दोन मीटर लांबीचा, वर चढत जाणारा रस्ता, आणि फ्रिजच्या माथ्यावर धुराडं. पाइप आणि धुराडं दोन्ही ७५ ते १०० मिलिमीटर व्यासाची पुरतात. भट्टीच्या तोंडाशी आणि धुराड्यावर हवा कमी-जास्त करणारी झाकणं बसवावीत. तापमान हातात ठेवायचं ते भट्टीच्या झाकणाने. धुराडं पूर्ण बंद करू नये, कारण कोंडलेला धूर थंड होऊन डांबरासारखा मांसावर बसतो आणि सगळं कडू होतं.

बाहेरच्या भट्टीचा आग्रह चवीपुरता नाही. चरबी निखाऱ्यावर ठिबकली की तिच्या धुरात बेंझोपायरीनसारखी संयुगं वाढतात, आणि बेंझोपायरीन हा सिद्ध झालेला कर्करोगकारक आहे. युरोपात धुरीच्या मांसात ते किलोमागे २ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. निखारा लांब असला आणि चरबी ताटात पडली तर हा धोका बराच कमी होतो. तरीही धुरीचं मांस रोजच्या ताटात नको.

धुराची चव येते कुठून? लाकडात मुख्यतः सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन असतात. पहिली दोन तापून फुटली की मांसाला सोनेरी-तपकिरी रंग देणारी संयुगं आणि थोडं आम्ल तयार होतं. लिग्निन त्याहून जास्त तापल्यावर फुटतं आणि त्यातून ग्वायकॉल, सिरिंगॉल ही द्रव्यं येतात. आपण ज्याला धुराचा वास म्हणतो तो प्रामुख्याने यांचा. लाकूड ओलं असलं किंवा हवा कमी पडली तर दाट पांढरा धूर येतो. तो वाया जाऊ द्यावा. धूर विरळ, निळसर दिसू लागला की मांस आत ठेवावं.

लाकडासाठी माळव्यात लांब जायला नको. पेरू, आंबा, जांभूळ, बाभूळ, छाटणीनंतर निदान वर्षभर वाळलेल्या फांद्या. कडुनिंब कडू लागतो, सागात तेल असतं. वखारीतला भुसा स्वस्त मिळतो, पण त्यात प्लायवूडचा गोंद आणि रंगवलेल्या लाकडाचा चुरा मिसळलेला असतो, म्हणून तो नको म्हणजे नकोच.

आपल्याकडे मांस टिकवण्याची जुनी रीत मात्र बरीचशी उन्हाची आहे. मराठवाड्यातल्या दलित घरांमध्ये मांसाच्या पट्ट्या कापून वाळवायचे, त्या चान्या. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ च्या पुस्तकात हे सगळं स्वयंपाकघर आत्मीयतेने नोंदवलं, आणि मराठी खाद्यसंस्कृतीवर बोलणाऱ्या प्रत्येकाने ते वाचायला हवं. कोरड्या हवेत कडक ऊन पुरतं. हवा दमट झाली की धूर मदतीला येतो : गोव्यात मीठ, मिरची आणि माडाच्या व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या चोरिस सॉसेजच्या माळा उन्हाबरोबरच धुरावरही वाळवतात, आणि नागालँडमध्ये चुलीच्या वर डुकराचं मांस टांगलेलं असतं. या प्रत्येक ठिकाणी पाणी कमी करणं हे मुख्य काम आहे, बहुतेकदा जोडीला मीठ. एकटा धूर मांस टिकवत नाही.

हे नीट समजून घ्यावं, कारण नवशिक्यांचा घोटाळा इथेच होतो. ३० अंशांखालच्या थंड धुरात मांस शिजत नाही. इंदूरच्या मे महिन्यात तर सावलीतली हवाच ४० अंशांवर जाते. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जंतू झपाट्याने वाढतात, आणि हवा कमी असलेल्या जागी बोट्युलिझमचे जंतू विष तयार करू शकतात. व्यवसायात त्यासाठी नायट्राइट मिसळलेलं मीठ काटेकोर मोजून वापरतात. घरी, सुरुवातीला, त्याच्या वाटेला जाऊ नये. ओळख पटावी म्हणून ते मीठ गुलाबी रंगवलेलं असतं, आणि आपल्या घरात गुलाबी सैंधव असतंच. दोन्ही डब्यांची अदलाबदल जिवावर बेतू शकते.

तेव्हा गरम धूर. एक लिटर पाण्यात ६० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात कोंबडीच्या तंगड्या रात्रभर चालू फ्रिजमध्ये ठेवाव्यात. सकाळी पुसून, तिथेच काही तास उघड्या ठेवून वरचा भाग कोरडा होऊ द्यावा. ओल्या कातडीवर धूर नीट धरत नाही. स्मोकर १०० ते ११० अंशांवर स्थिर झाला की त्या आत टांगाव्यात. जाळीच्या उंचीवर एक थर्मामीटर आणि मांसात खुपसलेला दुसरा, दोन्ही हवेत. दाराचा जुना काटा विश्वासाचा नाही. आतलं तापमान ७४ अंश झालं म्हणजे कोंबडी सुरक्षित. तंगडी आणखी थोडी पुढे नेली तर जास्त मऊ लागते. झाबुआचा कडकनाथ, ज्याला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो चरबीला कमी असल्यामुळे पटकन कोरडा पडतो. त्याला मिठाचं पाणी आवर्जून द्यावं आणि आत पाण्याचं एक पातेलं ठेवावं. उरलेलं मांस लगेच चालू फ्रिजमध्ये आणि दोन-तीन दिवसांत संपवलेलं. म्हणजे आपल्यासाठी धूर चवीचा, आणि टिकवण्याचं काम अजूनही त्या दुसऱ्या फ्रिजचंच.

अन्नपूर्णा परिसरात अनेक घरं शाकाहारी आहेत आणि भिंतीला भिंत लागून आहेत. वाऱ्याची दिशा बघून, शेजाऱ्यांना आधी सांगून, कपडे वाळत नसताना पेटवावं. पहिल्यांदा रिकामा स्मोकर तीन-चार तास १२० अंशांवर तापवावा, म्हणजे जुने वास जातात आणि कुठे गळती आहे ते धूरच दाखवतो. त्यानंतरची पहिली खेप मिरच्यांची करावी. निमाडातली, खरगोनजवळच्या बेडियाच्या बाजारातली लाल मिरची ६० अंशांच्या आसपास पेरूच्या धुरावर पूर्ण वाळेपर्यंत ठेवायची. मेक्सिकोत चिपोत्ले आणि स्पेनमध्ये ला व्हेराची पावडर अशीच धुरावर वाळवलेल्या मिरचीची होते. त्या मिरचीचं तिखट वरणाच्या फोडणीत घातलं तर शेजारीही कटोरी घेऊन येतील, आणि तोवर भट्टीची झाकणं किती उघडायची याचा अंदाज तुमच्या हाताला आलेला असेल.

पुढच्या भागात : गिझरची जुनी टाकी.