रस्त्यावरचे झाड: तोडण्याची परवानगी, तुमची हरकत आणि धोकादायक फांदीचा अर्ज

वस्तीच्या नाक्यावर जुने वडाचे झाड आहे. त्याच्या सावलीत भाजीची गाडी उभी राहते, रेशनच्या रांगेतली म्हातारी माणसे टेकतात, अंगणवाडी सुटली की मुले तिथेच थांबतात. एक दिवस बुंध्यावर कागद चिकटवलेला दिसतो. बरेच जण तो न वाचता पुढे जातात. पण तो कागद तुमच्यासाठीच लावलेला असतो, आणि त्यावर बोलण्यासाठी मिळणारे दिवस मोजके असतात.

महाराष्ट्रातील शहरांमध्ये झाडांबाबत कोणते नियम आहेत आणि सामान्य रहिवाशाने काय करायचे, ते या लेखात सांगितले आहे.

थोडक्यात

• कायदा: महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. यात २०२१ मध्ये महत्त्वाच्या सुधारणा झाल्या.
• परवानगी कोण देते: वृक्ष प्राधिकरण. महानगरपालिकेत आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात.
• अर्ज कुठे द्यायचा: वृक्ष अधिकाऱ्याकडे, म्हणजे पालिकेच्या किंवा प्रभाग कार्यालयाच्या उद्यान विभागात.
• हरकत कोण घेऊ शकते: कोणताही नागरिक. घर स्वतःच्या नावावर असण्याची किंवा वकील लावण्याची गरज नाही.

‘झाड तोडणे’ म्हणजे नेमके काय?

कायद्यातला अर्थ आपण समजतो त्याहून मोठा आहे. झाड मुळापासून कापणे हे तर त्यात येतेच, पण ते जाळणे किंवा त्याला कोणत्याही प्रकारे इजा करणे हेही ‘तोडणे’च आहे. बुंध्याची साल काढणे, मुळाशी आम्ल ओतणे, कचरा पेटवून खोड भाजणे, हे सगळे त्यात मोडते. विनापरवाना असे करणे हा शिक्षापात्र गुन्हा आहे. झाड सोसायटीच्या आवारात किंवा तुमच्या दारात असले तरी परवानगी घ्यावीच लागते.

ज्या झाडाचे अंदाजे वय ५० वर्षे किंवा त्याहून जास्त आहे, ते २०२१ च्या सुधारणेनुसार ‘वारसा वृक्ष’ ठरते. एखादे झाड तोडण्याची परवानगी मिळाली, तर त्या झाडाचे वय जितकी वर्षे, तितकी नवी झाडे लावावी लागतात. ती सात वर्षे जगवण्याची जबाबदारीही त्यासोबत येते. पाच वर्षांहून जुनी २०० किंवा त्याहून जास्त झाडे तोडण्याचा प्रस्ताव राज्य वृक्ष प्राधिकरणाकडे पाठवण्याची तरतूद २०२१ च्या सुधारणेत होती.

झाडावर नोटीस दिसली तर

तोडण्याचा अर्ज आला की वृक्ष अधिकाऱ्याने झाडाची पाहणी करायची असते. त्याचबरोबर वर्तमानपत्रात आणि झाडावर ठळक जागी नोटीस द्यायची असते. नोटीस दिसताच पुढील गोष्टी करा:

१. नोटिशीचा आणि पूर्ण झाडाचा फोटो काढा. फोटोत आजूबाजूचे दुकान किंवा विजेचा खांब येऊ द्या, म्हणजे जागा ओळखता येते.
२. नोटिशीवरची तारीख, क्रमांक आणि हरकतीची शेवटची तारीख लिहून घ्या.
३. वृक्षगणनेत झाडाला क्रमांक मिळाला असेल तर तो टिपा.
४. हरकत लेखी द्या. दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही प्रत जपून ठेवा, कारण तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही.

परवानगी मिळाल्यानंतरही १५ दिवस झाड तोडता येत नाही. या काळात हरकत आली, तर ती फेरविचारासाठी वृक्ष प्राधिकरणापुढे ठेवायची असते आणि हरकत घेणाऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यायचे असते. म्हणून ‘परवानगी तर मिळालीच आहे’ असे कोणी सांगितले, तरी परवानगीची तारीख विचारा.

तारीख का महत्त्वाची, हे एका उदाहरणावरून कळेल. २०१९ मध्ये मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रोच्या कारशेडसाठी झाडे तोडली गेली, तेव्हा हे १५ दिवस कधीपासून मोजायचे यावरही वाद झाला. ४ ऑक्टोबरच्या रात्री तोडणी सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर दोन हजारांहून अधिक झाडे तोडून झाली होती. उशिरा मिळालेला आदेश तुटलेले झाड परत आणत नाही.

हरकतीच्या अर्जाचा नमुना

प्रति,
वृक्ष अधिकारी, (पालिकेचे / प्रभाग कार्यालयाचे नाव)

विषय: (ठिकाण) येथील (झाडाचे नाव) तोडण्यास हरकत

महोदय / महोदया,
दिनांक ____ च्या नोटीस क्र. ____ नुसार वरील झाड तोडण्याचे प्रस्तावित आहे. मी येथे राहतो / राहते. माझी हरकत पुढील कारणांसाठी आहे: (कारणे लिहा). तोडण्याऐवजी छाटणी किंवा पुनर्रोपण शक्य आहे का, याची पाहणी करावी आणि मला म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, ही विनंती.
(नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक, सही किंवा अंगठा)

कारणे साधी आणि खरी लिहा: झाड हिरवे आहे, खोड पोकळ नाही, सावलीत रोज इतके लोक बसतात, पक्ष्यांची घरटी आहेत. लिहिता येत नसेल तर दुसऱ्याकडून लिहून घ्या, पण सही करण्यापूर्वी पूर्ण वाचून घ्यायला सांगा.

झाडच धोकादायक असेल तर

प्रत्येक झाड वाचवलेच पाहिजे असे कायदा म्हणत नाही. वाळलेले, रोगट, पडलेले किंवा जीविताला धोका असलेले झाड काढण्याची तरतूद आहे. छपरावर फांदी झुकली असेल तर स्वतः कुऱ्हाड लावू नका. एकाच बाजूच्या फांद्या तोडल्या तर झाडाचा तोल जातो आणि धोका वाढतो. पावसाळ्याच्या आधी, शक्यतो एप्रिल-मे महिन्यात, उद्यान विभागाकडे छाटणीचा अर्ज फोटोसह द्या.

रस्त्यावरच्या झाडाची छाटणी पालिकेचे काम आहे. त्यासाठी कोणालाही रोख पैसे देऊ नका. खासगी जागेतील झाडासाठी शुल्क लागले, तर ते कार्यालयात भरून पावती घ्या.

झाड पडले तर अग्निशमन दलाला १०१ वर किंवा ११२ वर फोन करा. मुंबईत पालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६ आहे. फांदीत विजेची तार अडकली असेल तर जवळ जाऊ नका, आधी १९१२ वर वीज कंपनीला कळवा. वादळात झाड पडून घराचे नुकसान झाले असेल, तर काही हलवण्यापूर्वी फोटो काढा आणि तलाठी किंवा तहसील कार्यालयाकडे पंचनाम्याची मागणी करा. मदतीचा अर्ज पंचनाम्यावरच चालतो.

झाडाखाली धंदा करत असाल तर

फेरीवाला प्रमाणपत्र किंवा पीएम स्वनिधीचे कर्ज असले, तरी झाडावर तुमचा हक्क येत नाही. फळी, दिवा किंवा ताडपत्रीसाठी खिळे ठोकू नका, तारही आवळू नका. खोड जाड होत जाते तशी तार सालीत रुतते. ताडपत्रीसाठी वेगळे बांबू उभे करा.

बुंध्यापर्यंत सिमेंट किंवा पेव्हर ब्लॉक बसवले असतील, तर तक्रार करा. मुळांना हवा-पाणी मिळत नाही, ती कुजतात किंवा वाळतात, आणि मग जोराच्या वाऱ्यात झाड उन्मळून पडते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांबाबत आदेश दिला होता, की बुंध्याभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढावे आणि खिळे, फलक, तारा हटवाव्यात. तक्रारीत तुम्ही हा दाखला देऊ शकता.

उत्तरच मिळाले नाही तर

माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करा. पाहणी अहवाल, परवानगीची प्रत आणि बदल्यात लावलेल्या झाडांची जागा मागा. सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क लागत नाही. त्याचा पुरावा मात्र जोडा. प्रकरण न्यायालयात नेण्याची वेळ आली, तर महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि कमी उत्पन्न असलेल्यांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी १५१०० वर फोन करा.

नोटीस किंवा परवानगीपत्र न दाखवता तोडणी सुरू असेल, तर कामगारांशी भांडू नका. त्यांना कामाचा आदेश मिळालेला असतो, निर्णय त्यांचा नसतो. मुकादमाकडे परवानगीची प्रत मागा, फोटो काढा आणि लगेच प्रभाग कार्यालय व ११२ ला कळवा.

महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर

प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा आहे: गोव्यात १९८४ चा, कर्नाटकात १९७६ चा, दिल्लीत १९९४ चा वृक्ष संरक्षण कायदा. मुदती आणि अर्जाचे कार्यालय बदलते. दिल्लीत ५० किंवा त्याहून जास्त झाडे तोडायची असतील, तर सर्वोच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२४ च्या आदेशानुसार केंद्रीय अधिकारप्राप्त समितीचीही मंजुरी लागते. तुमच्या शहरात आधी एवढेच विचारा: इथले वृक्ष अधिकारी कोण, आणि हरकत किती दिवसांत द्यायची?