बेस गिटारचा आवाज फाटतोय? आधी हे तपासा

स्नेहसंमेलनाची तालीम चालू असते. मूल बेस गिटार वाजवतं आणि ॲम्प्लिफायरमधून घरघरणारा, फाटका आवाज येतो. आपण लगेच म्हणतो, "अरे, नीट वाजव!" पण पुष्कळदा चूक मुलाची नसतेच. म्हणून आधी दोष शोधूया. नियम एकच : एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

१) ॲम्प बंद ठेवून वाजवा. तरीही खरखर आली, तर तार फ्रेटवर आपटतेय.

२) केबल बदलून पाहा.

३) गिटारमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असेल तर नवी घाला. बॅटरी उतरली की आवाज फाटतो. वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवायची सवय लावा. नाहीतर बॅटरी खर्च होत राहते.

४) 'गेन' कमी करा, 'मास्टर' वाढवा. झेपेल त्यापेक्षा मोठा सिग्नल आला की ध्वनिलहरींचे माथे सपाट कापले जातात. यालाच क्लिपिंग म्हणतात.

५) 'बेस'चं बटण खाली आणा. सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. इतका खालचा सूर मोठ्याने काढायला ॲम्पला फार ताकद लागते.

६) ॲम्पला हेडफोनची सोय असेल तर आवाज कमी ठेवून ऐका. तिथे स्वच्छ वाजलं, तर संशय स्पीकरवर.

एवढं करूनही दोष राहिला तर ॲम्प घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार राहू शकतो. ते काम जाणकाराचं.

ही तपासणी मुलांनाच करू द्या आणि निरीक्षणं वहीत लिहायला सांगा. विज्ञानाचा प्रयोग याहून वेगळा काय असतो?