गाडीखालचं पाणी काय सांगतं?

सिग्नल लाल झाला की एसीची हवा कोमट होते, गाडी सुटली की पुन्हा गार लागते. घाटकोपर-मुलुंड असा लालबहादूर शास्त्री मार्गाने रोजचा प्रवास करणाऱ्यांना एप्रिल-मे महिन्यातली ही तक्रार ओळखीची असेल. त्यावरचं उत्तरही ठरलेलं: ‘गॅस कमी झालाय, भरून टाकू.’ मागच्या उन्हाळ्यात मीही असाच गॅस भरून घेतला आणि त्याच संध्याकाळी सिग्नलवर पुन्हा कोमट हवा. दोष गॅसचा नव्हताच. एसीचा पंखा बंद पडला होता. बॉनेट उघडून, एसी लावून नुसतं पाहिलं असतं तरी कळलं असतं.

गाडीचा एसी घरी दुरुस्त करता येत नाही, तसा प्रयत्नही करू नये. पण दुखणं कोणत्या बाजूला आहे, हे घरच्या घरी बरंचसं ओळखता येतं. त्यासाठी आधी गाडीखाली पाहा.

एसी चालू असलेल्या गाडीखाली पाणी ठिबकताना दिसलं की अनेकजण घाबरतात. मुंबईत ते ठिबकत नसेल तर काळजी करावी. डॅशबोर्डच्या आत असलेल्या कूलिंग कॉइलवरून हवा जाते तेव्हा तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं आणि ते नळीवाटे खाली पडतं. अंधेरीत हवा 33 अंशांवर आणि आर्द्रता 65 टक्के असेल, तर एका घनमीटर हवेत सुमारे 23 ग्रॅम वाफ असते. हीच हवा 10 अंशांपर्यंत थंड केली की तिच्यात जेमतेम 9 ग्रॅम मावते. उरलेल्या 14 ग्रॅमचं पाणी होतं. आता हिशेब पाहा. ती घनमीटरभर हवा थंड करायला साधारण 27 किलोज्यूल उष्णता काढावी लागते आणि तिच्यातल्या वाफेचं पाणी करायला जवळपास 34. भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढताना वाफ जो चटका देते, तीच ही वाफेत दडलेली उष्णता. म्हणजे आपल्या उपनगरांत एसीची निम्म्याहून जास्त ताकद हवेतलं पाणी पिळून काढण्यात जाते. नागपुरात मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी पारा चाळिशीपार असतो, पण तिथे गाडीखाली क्वचितच पाणी दिसतं.

यातून पहिला उपाय निघतो आणि त्याला एक पैसाही लागत नाही. बाहेरची हवा आत घेण्याचं बटण बंद करून आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. उन्हात तापलेली गाडी असेल तर आधी मिनिटभर काचा खाली करून चालवा, मग बटण दाबा. बाहेरची दमट हवा सतत आत येत राहिली तर निरोगी एसीही दमतो.

एवढं करूनही समाधान नसेल तर स्वतःला एक प्रश्न विचारा: हवा कमी येतेय, की हवा भरपूर येतेय पण गार नाही? माझ्या मते सगळ्या तपासणीत हाच प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण दोन्ही आजार वेगळे आहेत.

हवा गार पण कमी येत असेल तर एसी फिल्टर पाहा. बहुतेक गाड्यांत तो डाव्या बाजूच्या कप्प्यामागे असतो आणि हातानेच निघतो. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीचा फिल्टर काढला की सोनमोहोराच्या सुकलेल्या पिवळ्या पाकळ्या, पर्जन्यवृक्षाची बारीक पानं आणि त्यांवर बांधकामाच्या धुळीचा राखाडी थर असं सगळं हाताला लागतं. कधी त्यात उंदराचं घरटंही असतं. असा फिल्टर झटकून परत बसवू नका, नवा घाला. आणि सुरुवातीला नीट येणारा झोत अर्ध्या तासाने मंदावत असेल, तर कॉइलवर बर्फ धरत असण्याची शक्यता आहे. पुढच्या सीटखालचा गालिचा ओला लागला तर पाण्याची नळी तुंबली आहे.

हवा भरपूर पण गार नसेल, तर एक साधा डिजिटल थर्मामीटर घ्या. गाडी मोकळ्या जागेत, सावलीत उभी करा. बंदिस्त पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा असतो. एसी पूर्ण, पंखा मध्यम ठेवून दहा मिनिटांनी मधल्या जाळीत थर्मामीटर धरा. 10 अंशांच्या आसपास आकडा असेल तर एसी ठीक आहे. 15च्या वर राहिला तर काहीतरी बिघडलंय. आता गाडी मोकळ्या रस्त्यावर थोडा वेळ चालवा आणि सोबतच्या कुणाला तरी आकडा पाहायला सांगा. आकडा भराभर उतरला तर आधी संशय कंडेन्सरचा आणि त्याच्या पंख्याचा घ्या. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरच्या पुढे असलेली जाळी; ती आतून ओढलेली उष्णता बाहेर टाकते. गाडी धावताना वारा तिला मिळतो, साकीनाक्याच्या कोंडीत फक्त पंख्याचा आधार. तिच्यातला चिखल इंजिन थंड असताना पाण्याच्या हलक्या धारेने निघतो. जोराच्या फवाऱ्याने पत्र्याच्या नाजूक पात्या वाकतात.

राहिला गॅस. बॉनेटखाली एसीचे दोन पाइप दिसतात. चालू एसीत जाड पाइप थंड असतो आणि कोकम सरबताच्या ग्लाससारखा घामेजतो. बारीक पाइप गरम असतो, म्हणून त्याला हात लावू नका आणि पट्ट्यापासून व पंख्यापासून बोटं दूर ठेवा. जाड पाइप कोमट आणि कोरडाच असेल तर गॅस कमी असू शकतो किंवा कॉम्प्रेसर काम करत नसेल.

पण गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षांत थोडासा झिरपतो, दर उन्हाळ्यात कमी होत असेल तर ती गळतीच. गॅससोबत तेलही फिरतं, म्हणून गळतीच्या जागी धूळ चिकटलेला तेलकट डाग दिसतो. गळती न शोधता वरून गॅस भरला तर कॉम्प्रेसरला तेल अपुरं पडून तो जाम होऊ शकतो. जास्त भरला तरी गारवा कमीच होतो.

शिवाय आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असलेला आर-134ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1,400 पट तापमानवाढ करतो. अर्धा किलो हवेत गेला तर ते जवळपास 300 लिटर पेट्रोल जाळल्यासारखं आहे. अशा वायूंचा वापर घटवण्याचा करार 2016 मध्ये किगालीत झाला आणि भारताने 2021 मध्ये त्याला मान्यता दिली.

म्हणून गॅस भरायची वेळ आलीच, तर गळती कुठे होती हे आधी विचारा. व्हॅक्यूम करून वजनावरच गॅस भरायला सांगा आणि किती ग्रॅम निघाला, किती ग्रॅम भरला, हे बिलावर लिहून घ्या.