अर्ध्या चौकटीचा कॅमेरा

छायाचित्रणाचा छंद असणाऱ्यास कॅमेरा एकदाच विकत घ्यावा लागतो. फिल्म मात्र पुनःपुन्हा घ्यावी लागते. बेताच्या प्राप्तीच्या माणसाने किती छायाचित्रे काढावीत, हे म्हणूनच एका रिळात किती चित्रे निघतात यावर पुष्कळसे अवलंबून असते. मुलाचे पहिले पाऊल टिपावे की बारशासाठी फिल्म राखून ठेवावी, असा विचार कितीतरी घरांतून होत आला आहे. या अडचणीवर निघालेला एक उपाय म्हणजे अर्ध्या चौकटीचा कॅमेरा. १९६० नंतरच्या दशकात जपानमध्ये तो अतिशय लोकप्रिय होता. पुढे मागे पडलेला हा कॅमेरा आज फिल्मवर चित्रे काढणाऱ्या नव्या हौशी मंडळींनी पुन्हा हाती घेतला आहे.

‘अर्धी चौकट’ हे नाव वस्तुतः फसवे आहे. ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म मूळची चित्रपटांची. तीवर एकेका चित्रासाठी सुमारे १८ मिलिमीटर उंच व २४ मिलिमीटर रुंद एवढीच जागा असे. जर्मनीतील लाइट्झ कारखान्याचे तंत्रज्ञ ऑस्कर बार्नाक यांनी हीच फिल्म स्थिर चित्रांच्या छोट्या कॅमेऱ्यात वापरली, तेव्हा दोन चौकटींची जागा त्यांनी एका चित्रास दिली. १९२५ साली लायका कॅमेरा विक्रीस आला आणि २४ गुणिले ३६ मिलिमीटर हे माप पुढे ‘पूर्ण’ म्हणून रूढ झाले. अर्धी चौकट म्हणजे मूळच्या मापाकडे परत जाणे होय. त्यायोगे ३६ चित्रांच्या रिळात ७२ चित्रे मावतात.

असे कॅमेरे पूर्वीही झाले होते; पण या कल्पनेस खरी प्रतिष्ठा मिळाली ती १९५९ साली, जपानच्या ऑलिंपस कंपनीच्या ‘पेन’ या कॅमेऱ्यामुळे. त्याचे रचनाकार योशिहिसा माइतानी हे १९५६ साली कंपनीत आलेले तरुण अभियंते. सहा हजार येनच्या आसपास विकता येईल असा कॅमेरा घडवावयाचा, हे त्यांचे उद्दिष्ट होते. स्वस्त कॅमेऱ्यास स्वस्त भिंग, हा बाजाराचा नेहमीचा हिशेब. स्वतः लायका वापरणाऱ्या माइतानींनी तो उलटा केला. भिंग उत्तमच हवे असा आग्रह धरून त्यांनी खर्चाचा मोठा वाटा त्यावर घातला आणि काटकसर इतरत्र केली. फिल्म पुढे सरकविण्यासाठी महागड्या तरफेऐवजी पाठीमागे अंगठ्याने फिरवावयाचे साधे चाक बसविले. चार काचांचे २८ मिलिमीटरचे ते भिंग लहानशा निगेटिव्हवरही रेखीव प्रतिमा उमटवीत असे. खिशातल्या लेखणीसारखा हा कॅमेरा सदैव जवळ असावा, या कल्पनेने त्यास ‘पेन’ हे नाव मिळाले.

१९६१ साली ‘पेन ईई’ आला. यात भिंगाभोवती सेलेनियमच्या प्रकाशमापकाचे कडे होते. त्यावर पडणाऱ्या प्रकाशातूनच वीज उत्पन्न होई. बॅटरीची गरज नसे. प्रकाश अपुरा असला की दृश्यदर्शकात तांबडी पट्टी वर येई आणि कळ दाबूनही चित्र निघत नसे. ज्यास छिद्र व वेग यांचे गणित ठाऊक नाही, अशा माणसाची फिल्म त्यामुळे वाया जाईना. १९६३ साली ‘पेन एफ’ या नमुन्याने अर्ध्या चौकटीस बदलत्या भिंगांचा प्रतिबिंबदर्शी कॅमेराही मिळवून दिला. पेन मालिकेचे एकूण १ कोटी ७० लाखांहून अधिक कॅमेरे तयार झाले.

तथापि ७२ चित्रांचे मोल कोठेतरी चुकवावे लागतेच. अर्ध्या चौकटीचे क्षेत्रफळ पूर्ण चौकटीच्या निम्मे असते. २४ सेंटीमीटर लांबीची प्रत काढावयाची झाल्यास पूर्ण चौकट सातपटीहूनही कमी वाढवावी लागते. अर्धी चौकट दसपट. त्या प्रमाणात फिल्मचे कण ठळक होतात आणि हाताचा कंपही मोठा होऊन दिसतो. यास्तव भरपूर उजेडात कमी वेगाची, म्हणजे बारीक कणांची, फिल्म वापरावी. कळ हलकेच दाबावी. आणि शक्य तितके जवळ जाऊन चौकट विषयाने भरून टाकावी. मागाहून कडा कापून चित्र सुधारण्याइतकी जागा येथे शिल्लक नसते. लहान भिंगाचा एक फायदा मात्र आहे. जवळच्या व दूरच्या वस्तू एकाच वेळी पुष्कळशा स्पष्ट येतात, त्यामुळे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी निभावते.

आणखी एक गोष्ट ध्यानी ठेवावी लागते. या कॅमेऱ्यात फिल्म आडवी सरकते, म्हणून कॅमेरा नेहमीसारखा धरला असता चित्र उभे येते. माणसाच्या उभ्या आकृतीस ते सोयीचे. विस्तीर्ण देखाव्यासाठी कॅमेरा वळवून धरावा लागतो. फिल्म धुण्यास देताना ती अर्ध्या चौकटीची आहे हे आधीच सांगावे, अन्यथा एखादे चित्र मधोमध कापले जाण्याचा संभव असतो.

जुना ‘पेन ईई’ घेणाऱ्याने त्याचा प्रकाशमापक अवश्य तपासावा. कडे हाताने झाकून कळ दाबल्यास तांबडी पट्टी दिसली पाहिजे, आणि उजेडात ती दिसता कामा नये. दोन्ही वेळा दिसली, तर बहुधा सेलेनियम निकामी झाले आहे असे समजावे.

या कॅमेऱ्यांची चलती ओसरण्याचे एक कारण त्यांच्या गुणातच होते. फिल्म वाचली, तरी ७२ प्रती छापण्याचा खर्च वाचला नाही. शिवाय १९६६ च्या रोलाय ३५ सारखे पूर्ण चौकटीचे कॅमेरेही खिशात मावू लागले. आज परिस्थिती पालटली आहे. फिल्म महाग झाली, पण प्रत्येक चित्र कागदावर छापण्याची गरज उरली नाही. म्हणूनच २०२४ साली ‘पेंटॅक्स १७’ हा अर्ध्या चौकटीचा नवा कॅमेरा बाजारात येऊ शकला.

७२ चित्रांचे रीळ संपावयास कित्येकदा महिने लागतात. धुऊन आलेल्या पट्टीवर लग्नमंडपाशेजारी रुग्णशय्या आणि तिच्याशेजारी पहिला पाऊस, अशी घरची कथा आपोआप उमटलेली असते. फिल्म जपून वापरणाऱ्याने यातील कितीतरी क्षण सोडून दिले असते. भिंगावर खर्च करावा आणि चौकटीत बचत करावी, हा माइतानींचा हिशेब अशा साध्या क्षणांसाठीच होता. काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये हे ज्यास उमगले, त्याच्या पदरी थोड्या खर्चातही पुष्कळ काही पडते.